अळी मिळी गुपचिळी

२०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली आणि तो दीडशेच्या दिशेने निघाला, तेव्हा आमच्या घरात त्याला एकदम मान मिळायला लागला. एरवी फ्रिजच्या तळच्या खणात काकड्यांखाली चेंगरून पडणारा हा इसम वरच्या कप्प्यात श्रीखंडाच्या डब्याशेजारी बसू लागला. कोशिंबिरीतून त्याचं नाव कमी झालं. आमटीत एक घालायचा की अर्धा, यावर नवराबायकोत बोलणी होऊ लागली. त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी टोमॅटोवर कोट्यधीश झाल्याची बातमी आली. मी पेपर खाली ठेवला आणि वर छताकडे पाहिलं. त्या छताच्या वर सोसायटीची गच्ची आहे. आम्ही चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आमचं घर आणि बेकरीची भट्टी यांत फरक एवढाच, की बेकरीत निदान पाव तरी भाजून निघतात.

“एवढं ऊन फुकट जातंय, त्याचं काहीतरी पिकवू या,” मी म्हणालो.

हा विचार माझा नव्हे. प्रयोग परिवारवाले श्रीपाद दाभोलकर, मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी उन्हाचा जमाखर्च मांडून शेती कशी करायची ते लोकांना शिकवलं. मी त्यांचं अर्धंच वाचलं होतं. ऊन तेवढं लक्षात राहिलं, जमाखर्च राहिला नाही.

बियाण्यांच्या दुकानात गेलो तर वधूवर सूचक मंडळात शिरल्यासारखं वाटलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने टोमॅटोच्या वाणांना ठेवलेली नावं पाहा: भाग्यश्री, धनश्री, राजश्री. काकडीत हिमांगी, दोडक्यात सुचेता. सगळ्या कशा गृहकृत्यदक्ष, पदवीधर, गायनाची आवड असलेल्या वाटतात. दुध्याच्या वाणाचं नाव मात्र सम्राट. ज्या भाजीचं नाव काढताच मुलं ताटावरून उठतात, तिला सम्राट म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांना एकदा भेटायची इच्छा आहे. मी धनश्रीचं पाकीट उचललं. नावावर गेलो, दुसरं काय!

बायको विदर्भातली. ती म्हणाली, “कोहळंही लावा. बोंडं करता येतील.” मी कोहळ्याचं बी आणून दिलं. तिने पाकिटावरचं पांढरं-राखी चित्र पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या माहेरी कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. आमच्याकडे कोहळा म्हणजे ज्याचा पेठा होतो तो, किंवा गृहप्रवेशाला दारात टांगतात तो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण आवळा देऊन कोहळा काढणाऱ्याला नेमकं काय मिळत होतं, यावर आमच्यात एकमत नाही हे त्या दिवशी कळलं. मी परत जाऊन लाल भोपळ्याचं बी आणलं. दुकानदार म्हणाला, “सम्राट पण न्या.” तोही नेला.

एक अट मी स्वतःच घालून घेतली होती: औषध मारायचं नाही. किडीला मारायच्या विषाला औषध म्हणायचं, हा मराठी भाषेचा सभ्यपणा आहे. मला तो नको होता. माझी शेती सेंद्रिय होणार होती. बारा कुंड्या, दोन जुन्या बादल्या, एक फुटका टब, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड असा लवाजमा गच्चीवर चढला. ऑगस्टच्या मध्यावर रोपं गुडघ्याला लागली. मी रोज सकाळी त्यांच्याकडे पाहत चहा पीत असे. त्या दिवसांत मी ऑफिसात लोकांना रासायनिक शेतीचे तोटे सांगायचो. लोक जेवणाची सुट्टी वेगवेगळ्या वेळी घेऊ लागले.

मग मावा आला.

मावा हे नाव ऐकून कोणाला खवा आठवेल, कोणाला पानटपरी. प्रत्यक्षात ते कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीने बसलेले हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे असतात. ते दिवसभर रस पितात आणि मागच्या बाजूने गोड चिकट पाणी सोडतात. ते पाणी प्यायला मुंग्या येतात. मुंग्यांनी त्यांना चक्क गाई पाळाव्यात तसं पाळलं होतं. कोणी त्रास द्यायला आलं तर हाकलून द्यायच्या. म्हणजे माझ्या कुंडीत माझ्याच टोमॅटोवर त्यांचा दुग्धव्यवसाय सुरू होता, आणि मी रोज पाणी घालणारा गडी होतो.

मागोमाग बाकीची मंडळी आली. पिठ्या ढेकूण आला. अंगाला कणकेचं पीठ लावून बसतो आणि पाहुणचार संपेपर्यंत हलत नाही. पांढरी माशी आली. झाड हलवलं की तिचा ढग उठतो, सोडलं की पुन्हा तिथेच बसतो. नागअळी आली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून खात जाते, आणि वरून पानावर पांढरी वेडीवाकडी रेघ उमटते. माझ्या धनश्रीचं एकेक पान मोडी लिपीतल्या दस्तऐवजासारखं दिसायला लागलं. भारत इतिहास संशोधक मंडळात नेलं असतं तर एखादी सनद तरी निघाली असती.

टोमॅटोवरची आणखी एक अळी आहे, टूटा नावाची. तिची गंमत मला फार उशिरा कळली. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. ही अळीही तिकडचीच. ती मागे राहिली होती. काही शतकं तिकडेच होती, मग युरोप-आफ्रिका करत २०१४ साली भारतात तिची पहिली नोंद झाली. सासरी गेलेल्या मुलीचा पत्ता विचारत माहेरचं कोणी यावं आणि आल्याबरोबर फडताळ उघडून खायला बसावं, तसा हा प्रकार. माझ्याकडे ती आली होती की नव्हती, ते सांगता येत नाही. इतक्या गर्दीत कोण कुठलं, ते विचारायला वेळ नव्हता.

पण जिच्यासाठी मी रात्रीची झोप घालवली ती फळ पोखरणारी अळी. हिरव्या टोमॅटोला गोल भोक पाडून ही बाई डोकं आत घालते, अर्धं अंग बाहेर ठेवते आणि खात राहते. बरं, एक फळ संपवावं ना! नाही. दोन घास खाल्ले की शेजारच्या फळात. लग्नाच्या बुफेत प्रत्येक पदार्थ चाखून ताट टेबलाखाली सरकवणारे लोक असतात, तशातली. हीच अळी हरभऱ्यावर गेली की घाटेअळी म्हणवते, कपाशीवर गेली की बोंडअळी. तीन पिकांवर तीन नावांनी वावरणाऱ्या माणसाला आपण भामटा म्हणतो, हिला कृषी सहायक शेतकऱ्याची शत्रू नंबर एक म्हणतात.

सेंद्रिय म्हणजे अहिंसा, असा माझा समज होता. पंप पाठीला लावून फवारणारा माणूस काय करतो? नळी फिरवतो, हात धुतो, जेवायला जातो. कोण मेलं, किती मेलं, त्याने पाहिलेलं नसतं. तो घाऊक व्यापारी. मी किरकोळ विक्रेता निघालो. रात्री साडेनऊला, घरोघरी टीव्हीवर मालिका सुरू असताना, मी एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भुवया कोरायचा चिमटा आणि दातांत साबणाच्या पाण्याची वाटी धरून गच्चीवर फिरत असे. ज्या माणसाने आजवर स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तर ‘अगं, जरा येतेस का’ असं म्हटलं, तो एकेका अळीला पाठीवरच्या पट्ट्यांवरून ओळखून, शेपटाकडून ओढून पाण्यात टाकत होता. बुडताना ती अंगाचा इंग्रजी सी करते. नको ते ज्ञान आहे हे, पण आता माझ्याकडे आहे.

मी वहीही घातली होती. तारीख, झाड, किती. बायकोने ती एकदा उघडून पाहिली आणि न बोलता परत ठेवली.

गच्ची-बागवाल्यांच्या एका कार्यशाळेत मला जीवामृताचं प्रमाण मिळालं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ही नैसर्गिक शेती देशभर पोचवली, २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. प्रमाण एकराचं होतं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी ते दोन लिटरवर आणलं. शेण शंभर ग्रॅम, गूळ वीस ग्रॅम, बेसन वीस ग्रॅम. किचनच्या वजनकाट्यावर शेण मोजू दिलं गेलं नाही; ते अंदाजे घातलं. अडचण आली ती बांधावरच्या मातीची. पुण्यात बांध कुठून आणायचा? मी सोसायटीच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मधल्या भिंतीलगतची माती घेतली. तिथेही हद्दीचा वाद होताच, म्हणजे बांधाचे सगळे गुण तीत होते.

झाडं जीवामृताने तरारली. किडींनाही ते मानवलं असावं.

मग दशपर्णी अर्क. दहा जातींची कडू-उग्र पानं शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायची. कडुनिंब, करंज, सीताफळ, पपई, एरंड ही रस्त्याकडेला मिळाली. कण्हेर सोसायटीच्या कुंपणाचीच. निरगुडीसाठी तळजाईच्या पायथ्याला राहणाऱ्या एका मित्राच्या परसात गेलो. रुई मारुतीच्या देवळासमोर मिळते हे आठवलं. शनिवारी रांगेत उभा राहून माळ घेतली आणि मारुतीला न घालता पिशवीत घातली. माळवाल्या मावशींनी मान हलवली. धोत्र्यासाठी महादेवाच्या देवळामागे वाकलो होतो, तेव्हा पुजाऱ्यांनी विचारलं, “घरात सगळं ठीक आहे ना?” धोतरा विषारी असतो हे त्यांना माहीत होतं आणि माझा चेहरा ते पाहत होते. दहावं पान घाणेरीचं. घाणेरी नावाची वनस्पती घालायच्या आधीच पिंपाला वास येत होता, हे नमूद करतो.

पंधराव्या दिवशी त्या वासाला व्यक्तिमत्त्व आलं. आमच्या बरोब्बर खाली, तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आधी ड्रेनेज तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला. प्लंबरने चार चेंबरं उघडली आणि ‘वास वरून येतोय’ असा निष्कर्ष काढला, जो त्याच्या धंद्याच्या इतिहासात पहिलाच असावा. मग काकांचं पत्र आलं. दोन पानी, टाइप केलेलं, समास सोडलेलं, सेक्रेटरींना प्रत. त्यात ‘सदर द्रव’ हा शब्द सात वेळा होता.

तो अर्क तयार होईपर्यंत किडी थांबल्या नव्हत्या, म्हणून माझी किरकोळ विक्री चालूच होती. त्यात मला एक नवा शत्रू सापडला. मावा असेल तिथे फिरणारा, काळा, पाठीवर नारिंगी ठिपके, सहा पायांची चिमुकली मगरच. चेहऱ्यावरूनच गुन्हेगार. दोन आठवड्यांत वहीत त्याच्या नावावर अठ्ठेचाळीस लागले.

सप्टेंबरात नारायणगावकडचा माझा मामेभाऊ आला. त्याची दीड एकर टोमॅटो. मी त्याला गच्चीवर नेऊन अभिमानाने शेतही दाखवलं आणि वहीही. त्याने शेंड्यावरची एक मगर बोटावर घेतली.

“दादा, ही अशी किती मारली?”

“अठ्ठेचाळीस.”

“आरं, ही ढालकिड्याची पिल्लं. मावा खाऊन जगत्यात. मित्रकीटक म्हणतात याला. शाळेत लाल-काळा भुंगा काडेपेटीत धरायचो की नाय आपण, त्याचीच लेकरं.”

मी वही बंद केली. जे एकटे बिनपगारी माझ्या बाजूने लढत होते, त्यांना मी टॉर्च मारून शोधून काढलं होतं. माव्याच्या छावणीत त्या दोन आठवड्यांत माझ्या नावाने काय घोषणा झाल्या असतील!

“आन् कडनं झेंडू नाय लावला? अळीची मादी आधी झेंडूवर अंडी घालती. टोमॅटो वाचतो.”

मी विषय बदलला. “तुम्ही मात्र आठवड्याला औषध मारता.” माझ्या आवाजात कार्यशाळेतलं थोडं आलं असावं.

तो कुंडीच्या काठावर बसला. “मारतो की. मार्केटला वीस किलोचं कॅरेट जातं. वरच्या थराला एक किडका दिसला का व्यापारी कॅरेट पायानं बाजूला सारतो. तू मंडईत टोमॅटो कसा घेतो?”

मी कसा घेतो? एकेक उचलून, फिरवून, देठाकडे पाहून, दाबून. डाग दिसला की टाकून देतो आणि वर ‘ताजे नाहीत का’ विचारतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या भोकासाठी मी आयुष्यात जेवढे टोमॅटो नाकारले, तेवढ्यांत माझी गच्ची दहा वेळा भरली असती. हे त्याला सांगितलं नाही. त्याचा माल कधी आला ते विचारलं. जुलैत कॅरेटला दोन हजारांच्या वर गेले होते. त्याचा तोडा सुरू झाला तोवर भाव असा पडला, की लोक रस्त्याच्या कडेला कॅरेटं ओतत होते. “तू बरा,” तो म्हणाला, “तुला गाडीभाडं नाय.” आणि हसला. त्यावर मला हसता आलं नाही.

भोपळ्याकडे वळतो. भोपळ्याचा वेल आधी नुसती नर फुलं काढतो. पंधरा दिवस, वीस दिवस, लांब दांड्यांची पिवळी धमक फुलं, आणि फळाचं नाव नाही. मग एखादं मादीफूल येतं. त्याच्या पाठीशी सुपारीएवढा भोपळा आधीच तयार असतो. ते पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्यात मधमाशी आली नाही तर सुपारी पिवळी पडून गळते. म्हणून मी सकाळी सहाला नरफूल तोडून, पाकळ्या काढून, मादीफुलाला टेकवायला जात असे. दुधी याच्या उलट. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उघडतात. भोपळ्याची सकाळची पाळी आणि सम्राटांची संध्याकाळची, असं माझं दोन पाळ्यांत काम चालू होतं, आणि दोन्ही पाळ्यांना पाण्याच्या टाकीशी कोणी ना कोणी उभं असायचंच.

दुध्याला फळं धरली. ती बोटाएवढी झाली की फळमाशी येऊन कोवळ्या सालीत अंडी घालून जाई. फळ त्या बाजूला वाकडं होऊन सडायचं. मी गंधसापळा लावला. सापळ्यात माश्या धडाधड अडकू लागल्या, मी खूश. नंतर वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचला: या गंधाला फक्त नर भुलतात. डंख मारायचं काम माद्यांचं, आणि त्या मोकळ्याच होत्या. शेवटी मी एकेका दुध्याला माझे जुने मोजे घातले. ऑफिसचे काळे मोजे घालून मांडवाला लटकणारे तीन सम्राट पाहून गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या दोघी खाली निघून गेल्या. एक दुधी त्यातून वाचला. त्याची भाजी मुलाने ओळखली आणि उठला.

ऑक्टोबरच्या शेवटी हिशेब मांडला. खर्च चार हजार दोनशे नव्वद रुपये. उत्पन्न अकरा टोमॅटो. म्हणजे एक टोमॅटो तीनशे नव्वद रुपयांना पडला. दुधी फुकट धरला आहे. परीक्षेत भोपळा मिळतो म्हणतात, मला तोही मिळाला नव्हता. दहा सुपाऱ्या गळाल्या होत्या.

पण एक वेल माझ्या नकळत कठड्यावरून बाहेर पडला होता. तो आमच्या खिडकीवरून खाली गेला. जाताना त्याने मान वळवून आत पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यावर काकांच्या बाल्कनीच्या ग्रिलमधून आत शिरला, आणि तिथे, सापळा, मोजा, अर्क, जीवामृत यांतलं काहीही न लागता, कुठल्याशा मधमाशीच्या भरवशावर चार किलोचा भोपळा धरला. ना डाग, ना भोक. काकांना वाटलं होतं, काकूंनी लावलाय. काकूंना वाटलं होतं, काकांनी.

भोपळा ग्रिलच्या आत वाढला होता, गजांमधून बाहेर येणं शक्य नव्हतं. मूळ आमचं, फळ त्यांच्या हद्दीत. काकांनी सोसायटीचे उपनियम काढून पाहिले. त्यात भोपळ्याविषयी काही नव्हतं. आमच्यात त्या पत्रापासून विळ्या-भोपळ्याचं नातं होतंच. दिवाळीच्या तोंडावर काकूंनी विळी काढून तो प्रश्न मिटवला, आणि संध्याकाळी स्टीलच्या डब्यातून सहा घारगे वर पाठवले. बायकोने एक मोडून पाहिला. “बरे आहेत. बोंडं केली असती तर...” म्हणाली आणि दुसरा घेतला.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. घरात गोड काही नव्हतं. तिने फ्रिज उघडला आणि त्याच सकाळी मंडईतून आणलेले पाच टोमॅटो, मी एकेक फिरवून घेतलेले, डब्यात घालून मुलाकडे दिले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या. “काय चव हो तुमच्या टोमॅटोला! घरचं ते घरचं. बाजारच्याला येत नाही ही.” मागे काका उभे होते. तो ‘सदर द्रव’ थोडा बाटलीत मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. ती जिन्याच्या कठड्याकडे पाहत होती.

“आणि खरं सांगू,” काकू म्हणाल्या, “एकात अळी निघाली. तेव्हाच मी यांना म्हटलं, बघा, औषध मारलेलं नाही.”